कोंबडीचा अर्थ

गावोगावच्या मैत्रिणींनो,

आज महिला मंडळात सामान आलं: रांगोळी पाच किलो, रंगांच्या सहा पुड्या आणि बक्षिसाचा स्टीलचा डबा, मिळून सव्वीस रुपये. दुपारी सरावलीच्या आमच्या चाळीत रांगोळी-स्पर्धा झाली. परीक्षक मी.

नियम असा, की रांगोळीशेजारी तिचा अर्थ चिठ्ठीवर लिहायचा. कुणी एकात्मता लिहिली, कुणी स्वच्छता. आमच्याकडे भाजी घेऊन येणाऱ्या बारकीबाईंनी तांदळाच्या पिठाने कोंबडी काढली. मागे पिल्लांची रांग, एक पिल्लू भलतीकडेच पळालेलं. चिठ्ठी कोरी.

"बारकीबाई, याचा अर्थ काय?"

"अर्थ कसला, बाय? कोंबडी हाय."

"मग काढलीत कशाला?"

"तुमचं आंगण मोकळं व्हतं ना!"

सगळ्या हसल्या. मंडळाच्या चिटणीसबाई म्हणाल्या, "चिठ्ठी कोरी, नियमाप्रमाणे बाद." पण चाळीतली पोरं त्या पळालेल्या पिल्लाभोवतीच उकिडवी बसली होती. मी रोज पहाटे तुळशीपुढे रांगोळी काढते. तिचा अर्थ देवाने कधी विचारला नाही.

पहिला नंबर मी बारकीबाईंना दिला. चिटणीसबाई रुसल्या. त्यांनी हरकत घेतली, म्हणून आता पक्का निकाल पुढल्या रविवारच्या मंडळाच्या बैठकीत, तोवर डबा माझ्या देवघरात. तुमची पत्रं बैठकीत वाचून दाखवीन. नंबर बारकीबाईंचाच ना, ते उलट टपाली कळवा, म्हणजे सोमवारी भाजी घेऊन येतील तेव्हा डबा बारकीबाईंच्या टोपलीत ठेवता येईल.