नकली सरांनी मागितलेला फोटो

नकली सरांनी तीन वर्षांत आम्हाला एकही खरी मूर्ती दाखवली नाही. देवरूखच्या कॉलेजात ते इतिहास शिकवायचे आणि त्यांचं कपाट खोट्या वस्तूंनी भरलेलं असे. कालपरवा ओतलेली ‘पेशवाई’ समई, चहाच्या पाण्यात बुडवून जुनी केलेली सनद, मातीत पुरून काढलेली नाणी. नाव आम्हीच ठेवलं होतं आणि ते त्यांना माहीत होतं.

“मूर्तिचोर जागा रिकामी ठेवत नाही, गाढवांनो,” टेबलावर डस्टर आपटून ते म्हणायचे. “नक्कल ठेवून जातो. ती ओळखली नाहीत तर चोरी झाली हेच कळणार नाही, आणि तुम्ही तिच्यासमोर आरत्या करत बसाल.”

वस्तू हातात देऊन ते एकच विचारत, “माणसाचा हात कुठे लागलाय?” खरी वस्तू हात लागतो तिथेच झिजते, लबाड कारागीर ती कुठेही घासतो. उत्तर चुकलं की अख्खा तास माझ्याशी बोलत नसत. इतका रागीट माणूस मी दुसरा पाहिला नाही, आणि त्यांचा तो राग मला फार आवडायचा.

शिमग्यात आमच्या ग्रामदेवीची चांदीची रूपं, म्हणजे मुखवटे, पालखीत बसतात. माझे वडील, अप्पा, तिथले मानकरी. सर एकदा मुद्दाम आमच्या घरी आले. म्हणाले, “प्रत्येक रूपाचे चार फोटो काढू द्या. उद्या काही झालं तर तेवढाच पुरावा.”

“नुसत्या रूपाचा फोटो काडायचा नसतो, सर,” अप्पा म्हणाले. “सजवल्याबिगर देव दाकवायचा नाय. गावावर कोप व्हईल.”

“चोरावर झालेला कधी ऐकला नाही मी,” म्हणत सर चहा न घेताच उठले.

दोन वर्षांनी गावच्या मुंबईकरांनी हौसेने रूपं उजळायला नेली. कोणाकडे दिली, ते आज कोणी धड सांगत नाही. परत आली ती झळझळीत, गाव खूश. सर दरवर्षीसारखे पालखीला आले, वाकून पाहिलं आणि सहाणेवर, पालखी टेकते त्या चौथऱ्यावर, भरल्या गावासमोर ओरडले, “ही तुमची देवी नव्हे! पिढ्यान्‌पिढ्या कुंकू लावून तिचं कपाळ गुळगुळीत झालं होतं. इथे रेघ न्‌ रेघ ताजी आहे. झीज कुठे, तर हनुवटीखाली!”

माणसं अंगावर धावली. सर माझ्याकडे वळले. “तू सांग यांना.”

मला दिसलं होतं. पण अप्पा माझ्याकडे बघत होते.

“मला नाही कळत, सर.”

ते पोलिसांत गेले. तिथे नुसत्या रूपाचा जुना फोटो मागितला, तो नव्हता. पुढे निवृत्त होऊन पूर्णगडला बहिणीकडे राहिले आणि गेल्या वर्षी तिथेच वारले. मी एकदाही भेटायला गेलो नाही. गावाचा संताप येतो, रूपं नेणाऱ्यांचा येतो, आणि माझे ते चार शब्द आठवले की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

यंदा रूपं लावताना अप्पांनी मला बाजूला घेतलं. “सर म्हनत व्हते ता खरा व्हता काय रे?”

“हो, अप्पा.”

त्यांनी हातातलं रूप पालखीत बसवलं, दोरी आवळली, वर शालू नेसवला.

“भायेर गाव उबा हाय,” ते म्हणाले. “खांदा दे.”

आणि मी दिला.