दोन आज्यांची मिसिंग

त्या प्रकरणाचा विषय निघाला की अजूनही माझं डोकं तापतं. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, दंगलीत दगडही खाल्ले. पण दोन आज्यांनी माझ्या अख्ख्या ठाण्याला जसं नाचवलं, तसं कुठल्या गुन्हेगाराने नाचवलं नाही.

मी तेव्हा अकोला जिल्ह्यात, तेल्हाऱ्याकडच्या एका गावी ठाणेदार होतो. गावात वयस्कर लोकांसाठी एक छोटी संस्था होती. चालवणाऱ्या बाई निवृत्त नर्स. सगळं गाव त्यांना ताई म्हणे. कापसाच्या बंद पडलेल्या जिनिंग कारखान्याच्या दोन खोल्या त्यांनी मागून घेतल्या होत्या. सकाळी म्हातारी माणसं तिथे जमत, ताई त्यांचं बीपी तपासत, हातपाय हलवायला लावत, दुपारी गरम जेवण देत. जे अंथरुणाला खिळलेले, त्यांच्या घरी डबा जाई. वर्गणीसाठी बाई उन्हातान्हात दारोदार फिरत. काम खरं होतं, याबद्दल कोणाचं दुमत नव्हतं.

हिवाळ्यात एके सकाळी ठाण्यात दोन कुटुंबं एकदमच आली. बेपत्ता होत्या एका शेतकरी कुटुंबातल्या थोरल्या आजी आणि माळ्याच्या घरच्या एक आजी, ज्यांनी उभा जन्म बाजारात भाजी विकली होती. दोघी विधवा, दोघी ताईंच्या केंद्रात रोज येणाऱ्या, जिवाभावाच्या मैत्रिणी. आदल्या दिवशी केंद्रात जेवल्या आणि घरी परतल्याच नाहीत. थोरल्या आजींची दोन मुलं होती. एक गावातच, शेती पाहणारा. दुसरा नांदगाव पेठेला कापडाच्या कारखान्यात. दोघंही टेबलावर हात आपटत होते.

"साहेब, त्या केंद्रवाल्या बाईनंच फूस लावली! आमच्या मायले काई समजत नाई, तिले कोणी बी भुलवते!"

मी मिसिंग, म्हणजे बेपत्ता झाल्याची नोंद, दाखल करून घेतली, वायरलेसवर वर्णन पाठवलं, बसस्थानक, रेल्वे स्टेशन, दवाखाने पाहायला माणसं धाडली. मोबाईलचा उपयोग नव्हता. भाजीवाल्या आजींकडे फोनच नव्हता आणि थोरल्या आजींच्या फोनवर नातू गेम खेळत होता. दुपारपर्यंत एका पुढाऱ्याचा मला फोन, संध्याकाळी दुसऱ्याचा. आजींच्या पोरांनी केंद्राला कुलूप ठोकलं. ज्यांना डबा जायचा, ते उपाशी राहिले. त्याचं कोणालाच काही वाटलं नाही.

ताईंना मी ठाण्यात बोलावलं. महिला अंमलदारासमोर तेच तेच प्रश्न उलटसुलट विचारले. बाई आधी रडल्या, मग संतापल्या.

"साहेब, मले मालूम असतं तं मी काय इथं बसून तुमचा चहा पेत राहिली असती? त्या थोरलीले दमा आहे. थंडीचे दिवस आहेत. मले झोप नाई, अन् तुमी मलेच इचारून राहिले!"

इतक्या वर्षांत खोटं बोलणारा माणूस मला वासावरून कळायला लागला होता. या बाई खोटं बोलत नव्हत्या. पण माझ्या मताला कागदावर किंमत नसते.

त्यातच ठाण्याच्या फोनवर टीप आली. नाव न सांगता एक माणूस म्हणाला, केंद्राच्या मागे रातोरात जमीन उकरलेली आहे, तिथे काय पुरलं ते पाहा. टीप खोटी वाटली तरी खुनाची टीप दुर्लक्षून चालत नाही. नायब तहसीलदार आणले, दोन पंच आणले, मजूर लावले. कुलूप उघडताच केंद्रातली सगळी मंडळी आत शिरली आणि खुर्च्या बाहेर मांडून नाटक पाहावं तशी बसली.

"जरा जपून खोदा बाप्पा, थे मेथी आहे," एक काका ओरडले. हे पूर्वी एसटीत कंडक्टर होते.

खाली मेथीचं बी आणि नळाचा पाईप निघाला. पाईप मजुराच्या कुदळीनेच फुटला. पाणी उंच उडालं, नायब तहसीलदार भिजले, आणि ताईंनी भरल्या गावासमोर मला सुनावलं, "आता थे दुरुस्त कोण करन? तुमचं खातं?" टीप देणारा पुढे सापडला. केंद्राच्या मागच्या घरचा होता, दुपारच्या भजनामुळे त्याची झोप मोडायची. एवढ्यासाठी त्याने खून रचला होता! त्याला काय काय ऐकवलं, ते इथे लिहिता येणार नाही.

मग मी केंद्रातल्या म्हाताऱ्यांचे जबाब घ्यायला बसलो. एकेकाला आत बोलावलं. पहिल्याने सांगितलं, "दोघी जेवल्या, हात धुतले अन् घराकडं गेल्या." दुसऱ्याने तेच सांगितलं. तिसरी बाई कानाने अधू, तिनेही तेच, त्याच क्रमाने, हात धुण्यासकट. तेव्हा माझ्या लक्षात आलं. खरे साक्षीदार कधी एकसारखं बोलत नाहीत. एकाला साडी हिरवी दिसते, दुसऱ्याला निळी. शब्दाला शब्द जुळला, की समजावं, मंडळी आधी एकत्र बसलेली आहेत. सराईत टोळ्याही एवढ्या तयारीने येत नाहीत. मी चढ्या आवाजात बोलून पाहिलं. ऐंशीच्या घरातल्या माणसाला पोलिसाची भीती कसली? एक आजोबा म्हणाले, "टाका बाप्पा आत. तिथं जेवाले भेटते ना?"

मी वैतागून बाहेर आलो. पायरीवर कंडक्टर काका संत्रं सोलत बसले होते. शेजारच्या दोन बायकांच्या ओच्यातही संत्री. माझं लक्ष त्या फळांकडे गेलं, कारण माझा जन्म संत्र्यांच्या वरुड तालुक्यातला. बाजारात येणारं संत्रं देठाशी कापून, निवडून येतं. या संत्र्यांना हिरवी पानं तशीच होती, आणि पानं सुकलेलीही नव्हती. झाडावरून नुकतंच कोणी हाताने तोडून दिल्यासारखी.

"काका, कुठून आणली?"

"बाजारातून."

"बाजारात पानासकट मिळतात?"

काका सोलत राहिले. शेजारची बाई मात्र घाबरून बोलून गेली, "म्या म्हटलं होतं काकाले, पानं तोडून टाका!"

मग उलगडायला वेळ लागला नाही. भाजीवाल्या आजींची भाची वरुडकडच्या शेंदूरजनाघाटला दिलेली होती, तिची संत्र्याची बाग होती; घरच्यांशी येणं-जाणं नसल्याने तिचं नाव कोणी घेतलंच नव्हतं. दोघी तिकडे गेल्या होत्या. आणि हे कंडक्टर महाशय, इकडे मी दवाखाने आणि विहिरी धुंडाळत असताना, एसटीने जाऊन त्यांची खुशाली घेऊन, वर पिशवीभर संत्री घेऊन परत आले होते! अख्ख्या केंद्राला माहीत होतं. माहीत नव्हतं ते फक्त ताईंना.

दुसऱ्या दिवशी महिला अंमलदार, ताई आणि थोरल्या आजींची दोन्ही मुलं घेऊन मी शेंदूरजनाघाटला पोहोचलो. बागेच्या कडेला भाचीची एक खोली होती. दोघी आज्या बाहेर ऊन खात, गळालेली संत्री निवडत बसल्या होत्या. आम्हाला पाहून त्या उठल्यासुद्धा नाहीत.

धाकटा मुलगा पुढे धावला. "माय, हे काय लावलं तू? लोक आमाले काय म्हणून राहिले, मालूम आहे? चाल घरी!"

"कोणत्या घरी?" थोरल्या आजींनी विचारलं.

मुलगा मोठ्याकडे पाहायला लागला.

"एक महिना याच्याकडं, एक महिना त्याच्याकडं. तुहा बाप गेला तवापासून माही पिशवी कधी रिकामी झाली नाई. मी तुमाले किती डाव म्हटलं, मले एका जागी राहू द्या. तुमी म्हणे, पाहू. मंग म्याच पाह्यलं."

"अन् लेकरं कोण पाहीन?" मोठा म्हणाला.

"ज्याची आहेत थो."

भाजीवाल्या आजी खो खो हसल्या. तिथे ताईंचा बांध फुटला. "मले तरी सांगाव ना व माय! मी ठाण्यात बसली, लोकायनं मले नाई नाई थे म्हटलं. तुमच्यासाठी मी काय कमी केलं?"

भाजीवाल्या आजींनी ताईंना हाताला धरून बसवलं. आवाज मऊ होता, शब्द मात्र मऊ नव्हते. "तू लय केलं, पोरी. पण तू बी आमाले लहान लेकरावानीच ठेवते. आता जेवा, आता हात वर करा, आता गाणं म्हणा. घरी पोरं इचारत नाईत, तिथं तू इचारत नाई. सांगतलं असतं तं तू आमाले अडवलं असतं. खरं सांग, अडवलं असतं का नाई?"

ताईंनी डोळे पुसले. मग म्हणाल्या, "अडवलं असतं."

मी दोघींचे जबाब घेतले: स्वखुशीने आलो, कोणी फूस लावली नाही, इथेच राहणार. सज्ञान माणसाला ओढून नेण्याचा अधिकार पोराला नाही आणि पोलिसालाही नाही. हे मुलांना समजावता समजावता माझा घसा बसला. परतीच्या वाटेवर दोघं भाऊ गाडीत एकमेकांशी भांडत होते आणि ताई खिडकीबाहेर पाहत होत्या.

थोरल्या आजींचा दम्याचा पंप ताईच पाठवत राहिल्या. केंद्र पुन्हा सुरू झालं. ताईंनी म्हाताऱ्यांचीच समिती नेमली, काय करायचं ते त्यांनी ठरवायचं. पहिल्याच बैठकीत कंडक्टर काका आणि एक आजोबा भजन की पत्ते यावरून इतके भांडले, की तक्रार घेऊन दोघंही ठाण्यात आले. मी हात जोडले.

पोलिसाला माग काढायला शिकवतात: माणूस कुठे गेला, कोणासोबत गेला, शेवटचा कोणाला दिसला. त्या प्रकरणानंतर घरातलं वयस्कर माणूस बेपत्ता झाल्याची तक्रार आली, की या सगळ्याच्या आधी मी घरच्यांना एकच प्रश्न विचारायचो: त्यांनी तुमच्याकडे शेवटचं काय मागितलं होतं? निवृत्त होईपर्यंत विचारत राहिलो. लोक आधी माझ्याकडे पाहायचे, मग एकमेकांकडे.