देवापुढे ठेवलेलं पाकीट

देवाने माझं ऐकलं नाही, हे आधीच सांगून टाकते. लोकांचे अनुभव वाचावेत तर त्यांत देव ऐकतोच, आणि मग वाटत राहतं, आपल्यातच काही खोट असणार. माझ्यात होतीच. तीच लिहायला बसले आहे.

माझी नात मुक्ता इंजिनिअर झाली आणि पुढे शिकायला नेदरलँड्सला जाते म्हणाली. काय शिकणार, तर धूर न करणारी वाहतूक. बस, सायकली, पायी चालणाऱ्यांचे रस्ते. तीन वर्षांपूर्वी आमच्या कोथरूडच्या सोसायटीसमोरचा रस्ता ओलांडताना तिच्या आजोबांना मोटारसायकलनं उडवलं, त्यातच ते गेले. तेव्हापासून तिचं हे खूळ. मी म्हटलं, "रस्ता इथला वाईट आणि शिकायला तिकडे?" तर म्हणते, "आजी, इथे शिकले तर मीसुद्धा फ्लायओव्हरच बांधेन!" मग मी देवाला मध्ये घेतलं. रोज गणपतीपुढे बसून एकच मागायचे, हिचा व्हिसा येऊ देऊ नकोस. हे गेल्यावर घरात माझ्याशी बसून बोलणारं तेवढं एकच माणूस उरलं होतं हो.

व्हिसा आला. दुपारी घरात मी एकटी. कुरिअरवाल्यानं पाकीट माझ्याच हातात दिलं. आमच्याकडे घरात आलेली महत्त्वाची वस्तू आधी देवापुढे जाते, तसं मी पाकिटाला कुंकू लावलं आणि देवाच्या पाटाखाली सरकवलं. लपवलं, असं मी मनातसुद्धा म्हटलं नाही. देवापुढे ठेवलंय, एवढंच. मुक्तानं पाकीट आलं का विचारलं तेव्हा नाही म्हणून नुसती मान हलवली. कॉलेज सुरू व्हायला दहाच दिवस राहिलेले, पोरगी कासावीस. कुरिअरवाला फोनवर सांगत होता, "मॅडम, आजींच्या हातात दिलंय." ती त्याच्यावर ओरडली, "माझी आजी खोटं बोलत नाही!" मी आत पोळ्या लाटत होते. लाटतच राहिले.

पाचव्या दिवशी देवळात निघाले, आणखी आठ दिवस मागायला. तेवढ्या दिवसांत तिची कॉलेजातली जागा गेलीच असती. पण रस्ता ओलांडता येईना. हे गेले तोच रस्ता. पाऊल पुढे टाकावं की गाडी, मागे घ्यावं की हॉर्न. तेवढ्यात समोर एक बस थांबली, चांगली आडवी. कंडक्टर बाई खाली उतरल्या आणि माझा हात धरला. "चला आजी, घाई नाही." मागून एक स्कूटरवाला ओरडला, "अहो, ऑफिसला उशीर होतोय!" बाई वळूनही न बघता म्हणाल्या, "मग काल निघायचं." पलीकडे पोचवून म्हणाल्या, "आज मी होते आजी. उद्या काय करणार?" आणि गेल्या. नाव विचारायचंही सुचलं नाही.

देवळाच्या पायरीवर बसले; आत जायचं धाडस झालं नाही. मी देवाकडे काय मागत होते, ते तिथे ऊन खात बसल्यावर कळलं: असले रस्ते सुधारायला निघालेल्या पोरीलाच अडव, असं. घरी यायला मात्र रिक्षा केली.

पाकीट मुक्ताच्या हातात दिलं आणि सगळं सांगितलं. ती कुंकवाकडे बघत राहिली. मग आधी कुरिअरवाल्याला फोन लावून माफी मागितली, आणि मला एवढंच म्हणाली, "देवाला कशाला गं यात ओढलंस?" तीन दिवसांनी निघाली. निघताना देवाला नमस्कार केला, मला केला नाही.

आता रविवारी फोन येतो, तो तिच्या आईला. मी पलीकडच्या खुर्चीत बसून ऐकते. तिथली बस फुटपाथला टेकून उभी राहते म्हणे, म्हाताऱ्यांना पाय उचलावा लागत नाही. मला बोलावत नाहीत, मीही फोनसाठी हात पुढे करत नाही. ती कधी बोलेल, बोलेल की नाही, हे देवाला विचारायचं सोडलं आहे. मागण्याचा हक्क मीच घालवला. सकाळी नुसते हात जोडते, आणि उठताना म्हणते, गणराया, तू माझं ऐकलं नाहीस, उपकार झाले. म्हणायला अजून जड जातं. तरी म्हणते.