सुईमावशी कोपऱ्यावर थांबते

वस्तीच्या आरोग्य केंद्रात एकवीस वर्षं लसी टोचून नर्सबाईंनी नाव कमावलं ते ‘सुईमावशी’. “जेवतोस की बोलावू सुईमावशीला?” असा दम देत इथल्या आयांनी दीड पिढी वाढवली. मुलांची पोटं भरली, लसीही वेळेवर झाल्या. फक्त बाई गल्लीत शिरल्या की खेळ मोडायचा. वाढदिवसाला त्यांना कुणी बोलवत नसे. त्यात आकस नव्हता. पाहुणी बघून पोरं पलंगाखाली गेली, तर केक कापणार कोण? घरी सोबतीला रेडिओ होता. पण त्याचंच ऐकून घ्यावं लागे.

या महिन्यात दोन गल्ल्या सोडून गोवर निघाला. बाईंच्या यादीत लस राहिलेलं एकच बाळ होतं, अकरा महिन्यांचं. त्यांनी तिसऱ्यांदा तिथलं दार वाजवलं.

“लस नको असं नाही हो,” बाळाची आई आतूनच म्हणाली. “तुम्ही नको.”

“अगं, मी काय खाते का तुला?”

“शाळेत चौघांनी धरलं होतं मला, तुमच्यासाठी. अजून आवाज ऐकला की दंड दुखतो.”

“म्हणजे मला चावली होतीस ती तूच?”

“हो.”

“बरंच लागलं होतं गं.”

“लागावं म्हणूनच चावले होते.”

बाईंना हसू आलं. दार काही उघडलं नाही.

“मग केंद्रावर ये.”

“तिथंही तुम्हीच असता.”

बाई यादीची घडी करून परतल्या.

गुरुवारी बाईंनी शेजारच्या केंद्रातली नवी सिस्टर विनवून आणली. “माझं नाव काढू नकोस. टोचल्यावर अर्धा तास तिथंच बस, बाळावर लक्ष ठेव,” असं बजावून त्या कोपऱ्यावरच्या शिंप्याच्या बंद दुकानापाशी यादी घेऊन उभ्या राहिल्या. रडणं ऐकू आलं, थोडंसंच. मग दोघींच्या गप्पा. मग हसणं. अर्धा तास फार लांबला. पण नियम त्यांनीच सांगितलेला, तक्रार कुणाकडे करणार?

“झालं, मावशी!” सिस्टर लसींची पेटी सावरत आली. “चहाही पाजला तिनं. बाळ तर माझा चष्मा सोडेना.”

बाईंनी शेवटच्या नावापुढे खूण केली. अक्षर नेहमीसारखंच सुबक आलं.

“पुढच्या महिन्यातही येशील?”

“येईन की. पण मग तुम्ही?”

“पेटी जड असते,” बाई म्हणाल्या. “कोपऱ्यापर्यंत मी आणून देत जाईन.”