तांड्याला सात दिवसांची मुदत

चार माणसं एका खोलीत बसून ज्ञान लिहायला लागली, की ज्ञान बोटभर जमतं आणि किस्से पोतंभर. आमची खोली सेनगावात आहे, इम्रानभाईच्या कॉम्प्युटर सेंटरच्या मागची. पुढं आधार, पीकविमा, झेरॉक्स. मागं दर रविवारी आम्ही तीन-चार जण बसून इंटरनेटवरच्या मराठी ज्ञानकोशात लेख लिहितो. या कोशात कुणालाही लिहिता येतं, फक्त लिहिलेल्याला छापील पुरावा लागतो. त्याला तिथं संदर्भ म्हणतात.

नवीन माणसाला पहिला लेख लिहायला मदत करायची, हे माझं काम. मी बी.एस्सी. दुसऱ्या वर्षाला सोडली. प्रॅक्टिकलला मी जे रीडिंग आलं तेच वहीत लिहिलं. सर म्हणाले, मागच्या वर्षीच्या वहीतलं उतरव, बरोबर रीडिंग तेच असतं. मी उतरवलं नाही आणि परत गेलेही नाही. घरी या विषयाचा अजून निकाल लागलेला नाही. कोशात मात्र मला कुणी मार्कशीट मागितली नाही, म्हणून इथं टिकले.

दोन वर्षांतले निम्मे किस्से एकाच बाईचे आहेत. पण तिच्या आधी जाधव सर.

*

जाधव सर म्हणजे निवृत्त मुख्याध्यापक. त्यांनी पहिला लेख लिहिला तो जाधव सरांवर. पहिलंच वाक्य, ‘बालपणापासूनच अत्यंत तल्लख.’ सोबत शाल-नारळाचा फोटो. संदर्भ काय, तर स्वतःच्याच निरोप समारंभाची पत्रिका. मी सांगितलं, सर, हे टिकणार नाही. सर म्हणाले, सुजाता, तू आधी ग्रॅज्युएट हो.

संध्याकाळपर्यंत लेख उडाला. सरांनी विचारलं की यांचं हेड ऑफिस कुठं आहे, तिथल्या प्रमुखांशी मी बोलतो. मी म्हटलं, हेड ऑफिसात बसून लेख उडवणारा साहेब कुणी नाही. लिहिणारे आणि उडवणारे तुमच्या-माझ्यासारखेच लोक.

सरांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, “मग यांना मारतं कोण?”

पस्तीस वर्षं शाळा चालवलेला माणूस हा!

*

धुरपतामावशी आली ती अंगणवाडीचं रजिस्टर काखेत मारून. धुरपताबाई राठोड, हेमला नाईक तांड्याची अंगणवाडी सेविका, वय पन्नाशीच्या आसपास, दहावी पास. जीपमधून उतरून सरळ मागच्या खोलीत आली आणि म्हणाली, “इथं गावाचं नाव टाकून देतात म्हणे.”

झालं असं होतं. तिच्या नातीला शाळेत ‘माझे गाव’ लिहायला सांगितलं होतं, इंटरनेटवरून माहिती काढून. पोरीनं तांड्याचं नाव टाकलं, काहीच आलं नाही. मग तिनं शेजारच्या गावाचं सगळं उतरवून घेतलं. त्यांचं देऊळ, त्यांचा बाजार, त्यांची जत्रा. बाईंनी वर ‘उत्तम’ असा शेरा दिला. मावशी ते सांगताना चिडलेली नव्हती, हेच मला जास्त लागलं. म्हणाली, लेकरानं चूक न्हाई केली. तांडा कागदावर त्याच गावात मोडतो. पण आमी तिथं राहत न्हाई ना.

सरांनी चष्मा वर केला आणि समजावलं की ज्ञानकोशाला अभ्यास लागतो, भाषा लागते. मावशीनं शांतपणे विचारलं, “तुमचा लेख कुठाय सर? दाखवा, तसाच लिहिते.”

इम्रानभाई पुढच्या खोलीत झेरॉक्स मशीन बंद करून हसत होता.

*

खातं उघडताना मी सांगितलं की पासवर्ड कुणाला सांगायचा नाही. तिनं मान डोलावली, रजिस्टरचं शेवटचं पान काढलं, पासवर्ड लिहिला, खाली तारीख टाकली आणि पेन माझ्यापुढं धरला. म्हणे, साक्षीदार म्हणून सही कर.

मी म्हटलं, मावशी, हे गुपित असतं. ती म्हणाली, “मंग सही बारीक कर.”

*

आता लेखाचं ऐका. मी नव्या माणसाला एक साचा देते. गाव कुठं आहे, लोकसंख्या किती, पाणी कुठलं, शेती कशाची. लोक एवढं भरायला तीन रविवार घेतात. मावशीनं दुसऱ्या रविवारी रजिस्टरमधून घरटी माहिती आणली. सोयाबीन किती घरांत, तूर किती घरांत, बोअर कितीला लागली, कितीला कोरडी गेली. अंगणवाडीला दर महिन्याला लेकरांची वजनं लिहावी लागतात ना, त्या सवयीनं तिनं तांड्याचंच वजन घेतलं होतं.

लोकसंख्येच्या रकान्यात तिनं दोन आकडे लिहिले. एक दिवाळीच्या आधीचा, एक नंतरचा. दिवाळी झाली की निम्म्याहून जास्त तांडा ऊसतोडीला जातो, लेकरांसकट. दुसरा आकडा पहिल्याच्या निम्माही नव्हता.

सर म्हणाले, बाई, लोकसंख्या एकच असते. कोणत्याही पुस्तकात बघा.

मावशीनं विचारलं, “सर, पुस्तकवाल्यानं कोण्या महिन्यात मोजली?”

मी दोन वर्षांत शे-दीडशे गावांचे लेख तपासले असतील. हा प्रश्न मला एकदाही पडला नव्हता. शिकलेल्या माणसाला छापलेला आकडा दिसला की पुढं विचारावंसं वाटत नाही. मलाही नाही वाटलं.

*

सरांनी मदत म्हणून तिच्या लेखात एक शब्द घातला. ‘निसर्गरम्य.’ मावशीनं अर्थ विचारला. सरांनी सांगितला. तिनं तो शब्द खोडला, अगदी आदरानं. म्हणाली, चैतात या सर, मंग ठरवू.

कोशाचा नियम आहे की लेखात कुणाचं कौतुक नको, जे आहे तेवढंच लिहा. हा नियम मी भल्याभल्यांना समजावून थकले. प्राध्यापक, पत्रकार, एक भावी नगरसेवक. सगळ्यांच्या लेखात सूर्य त्यांच्याच गावात उगवतो. मावशीला मी नियम एकदा सांगितला. तिनं स्वतःचं लिहिलेलं पहिल्यापासून वाचलं आणि ‘कष्टाळू लोक’ यातलं ‘कष्टाळू’ काढून टाकलं. मी म्हटलं, अगं ते तर खरं आहे. तर म्हणाली, “आमच्या जावेचा भाऊ दिवसभर पारावर असतो. त्याला कुठं मोजू?”

*

तिसऱ्या रविवारी लेख चढवला. मावशीनं बटण स्वतः दाबलं. एका तासात लेखाच्या डोक्यावर लाल चौकट आली. ‘या लेखास एकही संदर्भ नाही. सात दिवसांत विश्वासार्ह संदर्भ न दिल्यास लेख वगळण्यात येईल.’ एका संपादकानं लावली होती. कुठल्या गावचा, कोण, काही माहीत नाही.

चूक माझी होती. लोकसंख्येच्या दोन आकड्यांच्या कौतुकात माझ्याकडून संदर्भ बघायचेच राहिले. मावशीला सांगताना माझी मान वर होईना. तिनं चौकट दोनदा वाचली. म्हणाली, सात दिवस हायेत ना.

सर म्हणाले, मी माझ्या लेटरहेडवर प्रमाणपत्र देतो. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, लेटरहेड अजून संपलेलं नाही.

*

मंगळवारी मावशी पुन्हा आली. सोबत पंचनामा! आमच्याकडं वीज पडून बैल मेला तरी पंचनामा, घर पडलं तरी पंचनामा. पाच जणांनी सही केली की गोष्ट खरी. मावशीनं तर घरोघरी फिरून सह्या आणि अंगठे घेतले होते. वर लिहिलं होतं, ‘आम्ही खालील सह्या करणार लिहून देतो की, हेमला नाईक तांडा आहे.’

आहे. एवढंच.

मी त्याचा फोटो काढून संपादकाला पाठवला. त्याचं उत्तर आलं, अगदी सभ्य. असे कागद चालत नाहीत, प्रकाशित साहित्य हवं. मी मावशीला वाचून दाखवलं. ती म्हणाली, “इतके लोक मिळून खोटं बोलून राहिले का?”

अडलं की मी जे करते तेच केलं. संपादकाला लिहिलं की तू पंख्याखाली बसून लोकांची गावं पुसतोस, तुझ्या आजोबाचा तरी संदर्भ आहे का तुझ्याकडं? आणि आणखी थोडं, जे इथं लिहिता येत नाही. दहा मिनिटांत माझं खातं आठवड्यासाठी बंद झालं.

म्हणजे मदत करणारीच बाद. मला वाटलं आता मावशी मला झाडणार. ती खुर्ची ओढून कीबोर्डपुढं बसली. म्हणाली, “बरं झालं. तू सरक. तुझ्यामुळं माझी बोटं बसूनच होती.”

एका बोटानं तिनं त्याच संपादकाला लिहिलं. अर्धा तास लागला. ‘नमस्कार दादा. कोणकोणते कागद चालतात त्याची यादी द्यावी, म्हणजे तेवढेच आणते.’

त्यानं यादी दिली. पुस्तक, वर्तमानपत्र, छापील सरकारी अहवाल. मी दोन वर्षं असल्या संपादकांशी भांडले, यादी कधी मागितली नाही.

*

यादीतला तिसरा शब्द वाचून मावशी थांबली. म्हणाली, अहवाल हाय. ती नवी सून होती तेव्हा एक इंजिनिअर तांड्यावर आला होता, पाण्याच्या सर्वेक्षणासाठी. विहिरीची खोली घेताना टेपचं वरचं टोक धरायला कुणी पुढं होईना, म्हणून तिनं धरलं. सासरा नंतर चार दिवस बोलला नाही. इंजिनिअर जाताना सांगून गेला होता की हे पुस्तकात छापून येईल.

शुक्रवारी आम्ही हिंगोलीला गेलो. कोणतं ऑफिस ते लिहीत नाही, सगळी सारखीच असतात. टेबलावर एक गृहस्थ होते, केस पिकलेले, पायातून चप्पल काढलेली. खुर्चीतून न उठता म्हणाले, असा अहवाल नाही. बघितलं का, म्हटलं. म्हणाले, बघायची गरज नाही, नाहीच. मी तोंड उघडलं, तेवढ्यात मावशीनं माझं मनगट दाबलं.

“न्हाई तर न्हाई, दादा. फक्त न्हाई म्हणून लिहून द्या. सही-शिक्क्यासकट. मला तांड्यात दाखवा लागंल.”

गृहस्थांनी तिच्याकडं बघितलं. मग चप्पल शोधली. मग किल्ल्या शोधल्या. वीस मिनिटांत अहवाल टेबलावर होता, धुळीसकट.

तांड्याचा उल्लेख दीड ओळीचा. नाव, विहीर, खोली. शेजारी एक काळा-पांढरा फोटो. विहिरीच्या काठावर वाकून वहीत लिहिणारा माणूस, आणि टेप धरलेली एक तरुण बाई. आरशांची कांचळी, कोपरापर्यंत बांगड्या, पदरानं निम्मा चेहरा झाकलेला. खाली छापलेलं, ‘मोजमाप करताना अभियंता व स्थानिक महिला.’ अभियंत्याचं नाव पहिल्या पानावर होतं, पदवीसकट.

मावशी फोटोकडं बघत राहिली. मला वाटलं आता रडेल. ती म्हणाली, “पोरी, पयल्या पानाची बी झेरॉक्स घे. साल त्याच्यावर हाय.”

*

शनिवारी तिनं संदर्भ एकटीनं जोडला. दोन आकड्यांना छापील पुरावा नव्हता, तर ती ओळ तिनं स्वतःच्या हातानं काढली. काढताना थांबली थोडी, पण काढली. पानांचे फोटो संपादकाला पाठवले आणि जीप पकडून गेली.

रविवारी सातवा दिवस. खोलीत बसायला जागा नव्हती. तांड्यावरून सहा-सात बायका आल्या होत्या, सर आले होते, इम्रानभाईनं पुढचं शटर अर्धं ओढलं होतं. मावशीनं लेख उघडला.

लाल चौकट नव्हती. खाली संपादकाचा निरोप होता. मी मोठ्यानं वाचला. ‘संदर्भ तपासला, लेख ठेवला आहे. चांगलं काम. अहवालातील फोटोत टेप धरलेली स्थानिक महिला कोण, हे समजलं तर तेही लेखात जोडावं.’

बायकांनी एकदम कालवा केला. सरसुद्धा म्हणाले, टाका बाई, तुमचा मान आहे तो. मी म्हटलं, मावशी, लिही नाव.

“छापील कुठं हाय?”

“अगं, तूच आहेस ना ती?”

“मी हाय म्हणून मीच सांगू?” ती म्हणाली आणि कीबोर्ड स्वतःकडं ओढला.

एकेक अक्षर शोधत तिनं संपादकाला उत्तर लिहिलं, ‘संदर्भ उपलब्ध नाही,’ आणि बटण दाबलं. या कोशात निरोपाखाली लिहिणाऱ्याचं नाव, खातं उघडताना जसं टाकलं तसं, आपोआप उमटतं. तिच्याही उत्तराखाली उमटलं.

धुरपताबाई राठोड, हेमला नाईक तांडा.