चाळिसाची रेघ

मी चौथी शिकलो, पण गोंदियाच्या राईस मिलमध्ये तीस वर्षं बायलर सांभाळला. माझ्या पाळीत दाब लाल रेघेच्या वर कधी गेला नाही. दाब दाखवणाऱ्या गेजचे आकडे मीच रंगवत होतो ना. नवीन गेज आला की त्यावर बारीक रेघांची नुसती गर्दी. भुशाच्या धुरातून, भट्टीच्या दारातून काय दिसणार? मी त्यावर जाड आकडे काढायचो. आमची परीक्षा एकच. डोळे मिटायचे, एकदाच उघडून परत मिटायचे. काटा कुठं होता ते सांगता आलं तर गेज कामाचा.

नात इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होती, तेव्हा तिनं प्लायवूडचं विमान करायला घेतलं. उडणारं नाही, जमिनीवर बसून उडवायला शिकायचं. समोर कॉम्प्युटरचा पडदा, खाली मीटरची पाटी, त्यात लहान मोटारींवर फिरणारे काटे. तपासायला एक निवृत्त वैमानिक यायचे होते. पास-नापास त्यांच्या हाती.

मीटरवर तिनं खऱ्या विमानातले फोटो चिकटवले होते. काचेवरची दिव्याची चमकसुद्धा त्यात छापून आली होती. मी तिला उंचीच्या मीटरसमोर बसवलं, डोळे मिटायला लावले. तीनदा पाहिलं, तीनदा चुकली.

"पण आबाजी, खरं असंच राह्यते," ती म्हणाली.

"खरं घेऊन करू काय? तुलेच दिसून नाही राहिलं."

फोटो उपटले. पत्र्याच्या चकत्या कापल्या, काळा रंग दिला, पांढरे जाड आकडे काढले. उंचीच्या मीटरला दोन काटे होते. मी एक काढून टाकला, बारक्या रेघा गाळल्या, आणि शून्य ते दहा हजार फूट एकाच फेरीत बसवले, बायलरसारखे. नातीला पटत नव्हतं. पण आमच्या घरात माझ्याशी वाद घालून आजवर कोणी जिंकलं नाही.

वैमानिक आधी एकदा नजर टाकायला आले. बसले, म्हणाले वाचता तर पटकन येतं. मग थांबून म्हणाले, "काका, हा बायलर झाला. यावर शिकलेला पोरगा खऱ्या विमानात दोन काटे पाहून गोंधळेल. हजार फुटांनी चुकेल."

नात मान खाली घालून उभी होती. हट्ट माझा, वर्ष तिचं.

"आठ दिवस द्या," मी म्हणालो.

दुसरा काटा परत बसवला. हजाराचा आखूड आणि जाड, शंभराचा लांब आणि बारीक. शून्य वर. दोन आकड्यांमधल्या वीस-वीस फुटांच्या सगळ्या रेघा मोजून जागच्या जागी काढल्या, पण राखेच्या रंगात. पांढरा रंग फक्त आकड्यांना आणि काट्यांना. गाळायचं काही नाही, नुसतं मागं सारायचं. आकडे जाड झाले तर रेघा झाकत, बारीक झाले तर नजर चुके. चार चकत्या वाया गेल्या. पाचवी बसली.

आठव्या दिवशी वैमानिक आले. मी म्हणालो, साहेब, आधी डोळे मिटा. ते हसले, पण मिटले. नातीनं कॉम्प्युटरवरून काटे फिरवले. त्यांनी एकदा पाहिलं, परत मिटले.

"दोन हजार चारशे चाळीस."

नातीनं पडद्यावर पाहिलं. चाळीसच होते. त्यांनी तिच्या कागदावर सही केली.

चाळिसाची ती रेघ मी आधी गाळली होती. हे मी तेव्हा कोणाला बोलून दाखवलं नाही.