शाबूत काच

सरकारी रस्ते खात्यात मी आयुष्यभर दुसऱ्यांची पत्रं टाइप केली. स्वतःचं असं काही लिहिलं नाही, त्यामुळे हे कितपत जमेल ठाऊक नाही. पण काचवाल्याचं खरं काय झालं ते मला माहीत आहे.

तो खात्यातला मजूर. नदीवरच्या जुन्या पुलाला एक भेग होती. अशा भेगेवर काचेची पट्टी सिमेंटने आडवी चिकटवतात. भेग वाढली की काच तडकते. दर महिन्याला ती पाहून वहीत नोंद करायची, हे त्याचं काम. माणूस नाकासमोर चालणारा. टापटीप इतकी, की फावड्याचा दांडासुद्धा पुसून ठेवायचा. अकरा वर्षं त्याच्या वहीत एकच शब्द होता : शाबूत.

मग नदीपलीकडे कारखाने आले. त्यांच्यासाठी रस्ता रुंद करायला सरकारने निधी मंजूर केला. त्यात नवा पूलही घ्यावा का, यावर खल झाला. साहेबांनी वही मागवली, पानं चाळली आणि पुलाचा खर्च कापून रस्ता चार किलोमीटर पुढे नेला. जुन्या पुलावरून अवजड ट्रक धावू लागले.

साहेबांनी काचवाल्याला बोलावून शाबासकी दिली. मी तिथेच टाइप करत होतो. तो लाजून म्हणाला, "त्यात काय साहेब. तडकली की मी लगेच नवी बसवायचो. तपासणीला फुटकी काच दिसली तर खात्याचीच मान खाली जाईल ना."

साहेबांच्या हातातला कप बशीवर टेकला नाही. "किती वेळा बदललीत?"

"आधी वर्षातून एखादी. हल्ली ट्रकमुळे रोजच बघतो, आठवड्याला एक जाते."

साहेबांनी वही मिटली. मग मला म्हणाले, यातलं काही टाइप करायचं नाही.

काच तडकणं हीच खरी नोंद होती, हे काचवाल्याला तेव्हा उमगलं. त्याची मुलगी पलीकडच्या कारखान्यात शिलाईला होती, रोज बसने पुलावरून जायची. त्याने वर अर्ज केला. तो मीच टाइप केला, घरी. उत्तर आलं : आपल्याच नोंदींनुसार पूल सुस्थितीत आहे. आपलेच दात, आपलेच ओठ.

तेव्हापासून तो सकाळ-संध्याकाळ पुलाशी उभा राहून बस थांबवायचा आणि मुलीला उतरवून पायी पलीकडे न्यायचा. ड्रायव्हर विचारायचा, काका, सासरीसुद्धा असंच चालवत नेणार का? बसभर हशा. मुलगी रडकुंडीला आली.

"बाबा, उद्यापासून येऊ नका. बायका हसतात मला."

तिला कठड्याखाली नेऊन त्याने सकाळीच बसवलेली काच दाखवली. काचेचे दोन तुकडे झाले होते. मुलीने भेगेत बोट घातलं. ते आत गेलं.

दुसऱ्या दिवशी ती आपणहून उतरली. तिच्यामागून दोघी, मग सगळ्याच. आता बस रिकामीच पूल ओलांडते, आणि ड्रायव्हर आपल्या बाजूचं दार उघडं ठेवतो. ट्रक मात्र भरलेलेच जातात.

दुसऱ्या अर्जाला उत्तर नाही. काल काचवाला पट्टी तशीच हातात घेऊन माझ्याकडे आला. का बसवली नाही, असं मी विचारलं.

"पुरत नाही," तो म्हणाला. "पलीकडच्या कडेला टेकतच नाही."